साबरमती : आणलेल्या पाण्याची नदी

रायखडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या कार्तिकात माझी मोठी आतेबहीण पुण्याहून आमच्याकडे अहमदाबादला आली होती. येताना तिने पितळेचा एक छोटा गडू आणला होता. साबरमती हे तीर्थ आहे, पद्मपुराणात तिचे माहात्म्य सांगितले आहे, एवढे तिला ठाऊक होते आणि त्या पाण्याने भरलेला गडू तिला देवघरात ठेवायचा होता. संध्याकाळी आम्ही रिव्हरफ्रंटच्या, म्हणजे भिंती बांधून विकसित केलेल्या नदीकाठाच्या, खालच्या पायवाटेवर उतरलो. नदी काठोकाठ भरलेली होती, पण ठरावीक घाट सोडले तर तिथे पाण्याला हात लागत नाही. म्हणून आम्ही एका घाटापर्यंत चालत गेलो आणि तिने गडू हातात घेतल्यावर माझ्याने राहवले नाही. मी तिला सांगितले, "ताई, हे पाणी साबरमतीचे नाही. हे नर्मदेचे आहे, कालव्यातून आणून सोडलेले." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग तर उत्तमच. नर्मदेच्या नुसत्या दर्शनाने पुण्य लाभते म्हणतात." तिने गडू भरला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि तेव्हापासून मनात साचलेले आज इथे लिहितो आहे.

आमचे घराणे अहमदाबादेत चार पिढ्यांपासून आहे. १७५८ पासून सुमारे साठ वर्षे या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल होता. भद्र किल्ल्यातील भद्रकालीचे देऊळ आणि रायखडमधील गायकवाडांची हवेली त्या काळाची साक्ष देतात, आणि ती हवेली नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. आमचे पूर्वज मात्र त्या फौजेबरोबर आलेले नाहीत, ते पुढे गिरण्यांच्या काळात नोकरीसाठी आले. माझे लहानपण याच काठावर गेले.

या नदीच्या उगमाची कथा आपल्याकडच्या गोदावरीच्या कथेची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. कश्यप ऋषींनी अर्बुद पर्वतावर, म्हणजे आजच्या अबूवर, तप केले. शंकर प्रसन्न झाले आणि त्यांनी आपल्या जटेतील गंगा त्यांना दिली. कश्यपांनी ती या भूमीवर आणली, म्हणून तिचे एक नाव काश्यपी गंगा. कृतयुगात कृतवती, त्रेतायुगात गिरिकर्णिका, द्वापरात चंदना आणि कलियुगात साभ्रमती, अशी तिची चार युगांतील चार नावे सांगतात. भूगोलाच्या दृष्टीने ती राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अरवलीच्या डोंगरांत उगम पावते आणि ३७१ किलोमीटर वाहून खंभातच्या आखाताला मिळते. त्यांपैकी जेमतेम ४८ किलोमीटर राजस्थानात आहेत. वरच्या भागात तिला साबर म्हणतात आणि हाथमती येऊन मिळाल्यावर साबरमती हे नाव पूर्ण होते.

शहरातही तिच्या काठाला पावित्र्य आहे. दधीची ऋषींचा आश्रम इथेच होता अशी श्रद्धा आहे आणि वाडजजवळ तिला मिळणाऱ्या लहानशा ओढ्याचे नाव चंद्रभागा आहे. मराठी माणसाच्या कानांना हे नाव ऐकताच काय वाटते ते सांगायला नको. आज त्या चंद्रभागेला लोक नाला म्हणतात. १९१७ साली गांधीजींनी कोचरबहून आश्रम हलवला तो याच परिसरात, एका बाजूला साबरमती कारागृह आणि दुसऱ्या बाजूला दूधेश्वरचे स्मशान अशा जागी. विनोबा, काकासाहेब कालेलकर आणि पंडित नारायण मोरेश्वर खरे यांच्यामुळे त्या आश्रमाच्या प्रार्थनेत मराठी अभंगही आले. म्हणजे ही नदी आपल्याला पूर्णपणे परकी कधीच नव्हती.

आता रिव्हरफ्रंटविषयी. बर्नार्ड कोन या फ्रेंच स्थापत्यकाराने १९६०च्या दशकात नदीकाठ विकसित करण्याची कल्पना मांडली होती. महानगरपालिकेने १९९७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली, स्थापत्यकार बिमल पटेल यांच्याकडे रचनेचे काम आले, २००५ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि २०१२ मध्ये खालची पायवाट लोकांसाठी खुली झाली. दोन्ही काठांवर प्रत्येकी सुमारे साडेअकरा किलोमीटर भिंत उभी राहिली. पूर्वी कुठे रुंद, कुठे अरुंद असणारे पात्र सर्वत्र २६३ मीटर करण्यात आले आणि त्यातून सुमारे २०० हेक्टर नवी जमीन मिळाली. २०२२ मध्ये पादचाऱ्यांसाठी अटल पूलही झाला.

मी या प्रकल्पाचा विरोधक नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माझी आई रोज संध्याकाळी तिथे फिरते आणि मला त्याचा आनंद आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. शहराच्या वर साबरमतीवर धरोई धरण १९७०च्या दशकात झाले आणि त्यानंतर पावसाळा सोडला तर शहरापर्यंत नदीचे स्वतःचे पाणी जवळजवळ येईनासे झाले. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणातून निघणारा मुख्य कालवा गांधीनगरजवळ सायफनच्या, म्हणजे पात्राखालून जाणाऱ्या बंदिस्त मार्गाच्या, साहाय्याने साबरमती ओलांडतो. तिथून नर्मदेचे पाणी पात्रात सोडले जाते आणि शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या वासणा बॅरेजच्या, म्हणजे दरवाजे असलेल्या बंधाऱ्याच्या, दरवाज्यांनी ते अडवून धरले जाते. आपण ज्याला भरलेली नदी म्हणतो ते दोन टोकांच्या मधले लांबट तळे आहे. बॅरेजच्या पुढे काय आहे हे पाहायला फारसे कोणी जात नाही.

पुराणातल्या कथेत ही नदी कश्यपांनी आणली, आणि आज ती पुन्हा आणली गेली आहे. आणलेल्या पाण्याला पावित्र्य असते का, असा प्रश्न विचारण्याचा माझा हेतू नाही. ताईने त्याचे उत्तर एका वाक्यात दिले आहे. मला विचारायचे आहे ते असे : आणणाऱ्याचे आणलेल्या पाण्याविषयी काही कर्तव्य उरते का? आणि ते कर्तव्य कुठल्या पुलापाशी संपते?

---

गोदाकाठी

फार चांगला धागा. मी नाशिकची, त्यामुळे उगमाची कथा वाचताना सारखे वाटत राहिले की नावे तेवढी बदलली आहेत. गौतम ऋषींनी ब्रह्मगिरीवर तप केले, शंकरांनी जटा आपटली आणि गंगा उतरली. पण आमच्या कथेत एक धागा अधिक आहे. गौतमांनी गंगा मागितली ती गोहत्येचे पाप फेडण्यासाठी, आणि उतरलेली गंगा निसटून जाऊ लागली तेव्हा त्यांनी दर्भाने तिला अडवले, ते कुशावर्त. अडवण्याचा अधिकार त्यांना होता, कारण त्यांनी तपाची किंमत मोजली होती. तुमच्या "आणणाऱ्याचे कर्तव्य" या शब्दांवर मी म्हणूनच थबकले.

आमच्याकडे काठ सुशोभित करण्याच्या नादात गोदावरीतील प्राचीन कुंडांच्या तळांवरच काँक्रीट टाकले गेले आणि तळातून येणारे जिवंत झरे बुजले. पुढे ते काँक्रीट काढण्यासाठी नागरिकांना न्यायालयात जावे लागले. अहमदाबादेतही नदीचा तळ काँक्रीटचा केला आहे, असे मी ऐकले आहे. ते खरे आहे का?

---

जलस्थापत्य

गोदाकाठी, ते खरे नाही, आणि हा गैरसमज इतका पसरला आहे की तो दूर करणे आवश्यक वाटते. साबरमतीच्या तळाला काँक्रीटचे अस्तर नाही, तळ वाळूचाच आहे. काँक्रीट आहे ते दोन्ही काठांच्या भिंतींत. मी पाटबंधारे क्षेत्रात एकतीस वर्षे काम केले आहे. या प्रकल्पाशी माझा संबंध नव्हता, परंतु त्याची रचना मी अभ्यासली आहे.

भिंतीचे काम दोन पातळ्यांवर आहे. खाली पाण्यालगत डायाफ्राम भिंत, म्हणजे जमिनीत खोलवर उतरवलेली काँक्रीटची भिंत, आहे, तिच्यावर खालची पायवाट आहे, आणि मागे भराव धरून ठेवणारी उंच भिंत आहे, जिच्यावर रस्त्याच्या पातळीवर फिरण्याचा दुसरा मार्ग आहे. खालची पायवाट मोठ्या पुरात बुडेल हे गृहीत धरूनच बांधलेली आहे. सुमारे ४.७ लाख क्युसेकचा (सेकंदाला ४.७ लाख घनफूट पाण्याचा) पूर शहरात न शिरता या पात्रातून निघून जावा, असे गणित मांडलेले आहे. पात्र अरुंद केले की तेवढेच पाणी वाहून जाण्यासाठी त्याची खोली आणि वेग वाढतात. भिंत उंच असेल तर शहर वाचते, परंतु वाढलेला वेग भिंत जिथे संपते तिथे खालच्या गावांच्या काठांवर आणि बॅरेजच्या पायथ्याशी जाऊन आदळतो. हा हिशेब शहराच्या हद्दीत मांडून पुरत नाही, तो खंभातपर्यंत मांडावा लागतो.

दुसरी गोष्ट भूजलाची. वाळूचे मोकळे पात्र हे पाणी जिरवणारे फार मोठे साधन असते. अहमदाबाद शहर कित्येक दशके पात्रातील फ्रेंच विहिरींमधून, म्हणजे वाळूत आडव्या नळ्या टाकून गाळलेले पाणी उपसणाऱ्या विहिरींमधून, पाणी घेत असे. तळ्यासारखे सतत भरलेले पात्र पाणी जिरवते हेही खरे आहे, त्यामुळे या मुद्द्यावर मी प्रकल्पाला पूर्णपणे दोषी धरणार नाही. मात्र ते जिरणारे पाणी सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून, मोठ्या खर्चाने बांधलेल्या कालव्यातून आलेले असते, हे विसरता येत नाही.

तिसरी गोष्ट अशी की वाहणे थांबले की पाणी नदीसारखे वागत नाही. वाहत्या पाण्यात हवा मिसळते, गाळ पुढे सरकतो, मासे वर-खाली जातात. अडवलेल्या पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी वाढते आणि गाळ जागेवरच बसतो. बॅरेजच्या दरवाज्यांच्या दुरुस्तीसाठी पात्र रिकामे करतात तेव्हा तळाशी काय काय साचले आहे ते दिसते.

---

मेधा_वि

सर्वांनी पाण्याविषयी लिहिले, मी माणसांविषयी लिहिते. समाजकार्याचे शिक्षण घेत असताना मी दोन वर्षे अहमदाबादेत होते आणि नदीकाठावरून हलवलेल्या कुटुंबांच्या वसाहतींत, वटवा आणि ओढव भागांत, माझे क्षेत्रकार्य होते.

या प्रकल्पासाठी काठावरील दहा हजारांहून अधिक कुटुंबे हलवण्यात आली. साबरमती नागरिक अधिकार मंच या रहिवाशांच्या संघटनेच्या पुढाकाराने २००५ मध्ये प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेले. पुनर्वसनाची योजना कागदावर स्पष्टपणे यावी यासाठी हा लढा आवश्यक ठरला. अनेकांना पक्की घरे मिळाली, नळ मिळाला, शौचालय मिळाले, आणि ज्या बायका पूर्वी दर पावसाळ्यात पुराच्या धास्तीने सामान डोक्यावर घेऊन वर पळत असत, त्यांनी मला स्वतः सांगितले की ती धास्ती गेली याचे त्यांना समाधान आहे.

परंतु घर मिळणे आणि पोट भरणे या दोन गोष्टी एकाच ठिकाणी झाल्या नाहीत. जमालपूरच्या भाजीबाजारात पहाटे चार वाजता माल उचलून टोपलीत विकणारी बाई नदीकाठी राहत होती तेव्हा पायी बाजारात पोहोचत असे. वटव्याहून पहाटे चारला पोहोचण्याचे साधनच नव्हते, आणि रिक्षाचे भाडे दिले की दिवसाच्या कमाईतून काही उरत नसे. जिच्याकडे मी सर्वाधिक वेळ बसत असे, त्या आजींनी घर बदलल्यावर वर्षभरात भाजीचा धंदा सोडला आणि घरी बसून पतंगाचा मांजा गुंडाळण्याचे काम धरले. त्यांच्या बोटांच्या पेरांवरच्या चिरा मला आजही आठवतात.

न्याय म्हणून हेही नोंदवते की धोब्यांसाठी काठाजवळ स्वतंत्र धुलाईकेंद्र बांधण्यात आले. एलिसब्रिजखाली भरणाऱ्या गुजरी बाजारालाही रिव्हरफ्रंटवरच जागा मिळाली. हा रविवारचा बाजार अहमदशहाच्या काळापासूनचा मानला जातो. ज्यांची संघटना मजबूत होती त्यांना काठावर जागा मिळाली आणि ज्यांच्यामागे कोणी नव्हते ते दूर गेले, असे मी पाहिले. "आणणाऱ्याचे कर्तव्य" असे रायखडकर म्हणतात. त्याच्या जोडीला मी "हटवणाऱ्याचे कर्तव्य" हे शब्द ठेवते.

---

अहमदाबादी_अमोल

सर्वांविषयी पूर्ण आदर ठेवून मला वेगळे मत मांडायचे आहे. १९९०च्या दशकातील ही नदी ज्यांनी पाहिली नाही त्यांना आजच्या काठाचे मोल कळणे कठीण आहे. उन्हाळ्यात पात्र म्हणजे धुळीचे मैदान असे, त्यात मधोमध सांडपाण्याची काळी धार असे, आणि नेहरू पुलावरून स्कूटरने जाताना नाकाला रुमाल लावावा लागे. आता सांडपाण्याची सर्व तोंडे काठाला समांतर टाकलेल्या वाहिन्यांत वळवली आहेत आणि ते पाणी वासणा आणि पिराणा येथील शुद्धीकरण केंद्रांकडे नेले जाते. हे काम झाले हे मान्य करावे लागेल.

जुन्या शहरातील पोळांमध्ये, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये, दोन खोल्यांत सात माणसे राहतात. त्यांच्या मुलींना संध्याकाळी निर्धास्तपणे बसता येईल, तिकीट न काढता आणि काही विकत न घेता थांबता येईल, अशी किती ठिकाणे आपल्या शहरांत आहेत? मुंबईला चौपाटी आहे. अहमदाबादला समुद्र नाही, डोंगर नाही. रिव्हरफ्रंट आहे. मिळालेल्या जमिनीपैकी विक्रीसाठी ठेवलेला भाग सुमारे १४ टक्के आहे, बाकी रस्ते, बागा आणि मोकळी जागा आहे. पाणी कुठून आले या प्रश्नाइतकाच त्या पाण्याकाठी कोण बसते हा प्रश्नही मला महत्त्वाचा वाटतो.

---

सातपुडा

अमोल, तुमच्या शेवटच्या वाक्याला धरूनच लिहितो. पाणी कुठून आले हा प्रश्न माझ्यासाठी कुतूहलाचा नाही.

मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यात शिक्षक होतो. सरदार सरोवराच्या जलाशयाने महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) या भागांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांपैकी अगदी पहिले गाव मणिबेली. तिथेच नर्मदेच्या काठी शूळपाणेश्वराचे प्राचीन देऊळ होते, ज्याच्यावरून त्या साऱ्या अरण्याला शूळपाणीची झाडी म्हणतात. नर्मदेची परिक्रमा करणारे मराठी लोक हे नाव ओळखतात. ते देऊळ जलाशयात गेले. मूर्तीची स्थापना गुजरातेत गोरा येथे नव्या देवळात झाली. देव हलवता आला, पण आमच्या शाळेतल्या मुलांची गावे तशी हलवता आली नाहीत. एकेका पाड्याची चार-चार वसाहतींत विभागणी झाली आणि लग्नासाठी, मयतीसाठी जमणारी माणसे एकमेकांपासून शंभर शंभर किलोमीटर दूर गेली.

नर्मदा जल लवादाने १९७९ मध्ये पाण्याचे वाटप ठरवले तेव्हा गुजरातला ९० लाख एकर-फूट, राजस्थानला ५ लाख आणि महाराष्ट्राला अडीच लाख असा वाटा आला. गुजरातच्या वाट्याचे समर्थन नेहमी कच्छ, सौराष्ट्र आणि उत्तर गुजरातच्या तहानेच्या नावाने केले गेले, आणि ती तहान खरी होती. त्या तहानेसाठी आम्ही गाव सोडले असे म्हणताना माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप निदान मान वर ठेवू शकत होते. शहराच्या मधोमध दिसायला भरलेले पात्र ठेवण्यासाठी त्या वाट्यातले पाणी जाते हे त्यांना सांगताना माझी जीभ रेटत नाही. रायखडकरांच्या ताईंनी तो गडू श्रद्धेने भरला याविषयी मला काहीही आक्षेप नाही. त्या गडूत शूळपाणेश्वराच्या पायाला लागलेले पाणी आहे, एवढे त्यांना अवश्य कळवा.

---

गोदाकाठी

सातपुडा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काही लिहिण्यासारखे उरले नाही, म्हणून केवळ पोच देते.

---

मुठेकाठचा

हा धागा पुणेकरांनी आवर्जून वाचावा असा आहे, कारण आपल्याकडील मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पाची रचना बिमल पटेल यांच्याच स्थापत्यसंस्थेकडे आहे. सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या या प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली आणि संगमवाडी ते बंडगार्डन या पट्ट्यातील काम आपण सर्वजण पाहत आहोत.

मला दोन शहरांतील फरक महत्त्वाचा वाटतो. साबरमतीचे पात्र शहरात कोरडे होते आणि ते भरण्यासाठी जवळून जाणारा कालवा होता. मुठेला असा कालवा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांचे पाणी शहर आणि शेती वापरून घेतात, आणि पात्रात वर्षातील बहुतेक काळ वाहते ते आपले वापरून टाकलेले पाणी. बंधारे घालून ते अडवले तर तळे भरेल, पण ते कशाचे असेल याचा विचार शुद्धीकरणाची कामे पूर्ण होण्याआधी करायला हवा. त्यातच १९६१ च्या पानशेतच्या पुराची आठवण ज्या शहराला आहे, त्याने पात्र अरुंद करण्याविषयी अधिक सावध असणे स्वाभाविक आहे. शिवाय साबरमतीच्या वाळूच्या काठावर फारशी झाडी नव्हती. मुळा-मुठेच्या काठावर करंज, उंबर, वाळुंज यांची जुनी झाडी आहे, पक्षी आहेत. एका शहराचे उत्तर दुसऱ्या शहराच्या प्रश्नपत्रिकेत लिहिले तर गुण मिळत नाहीत.

रायखडकर, बॅरेजच्या पुढे काय आहे हे तुम्ही सूचित करून सोडून दिले आहे. ते लिहावे ही विनंती.

---

रायखडकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जलस्थापत्य यांनी तळाविषयीचा गैरसमज दूर केला हे बरे झाले, कारण चुकीच्या आरोपाने खरा आरोप दुबळा होतो. अमोल, तुमचे म्हणणे मला पटते, आणि माझ्या आईलाही पटेल. सातपुडा, तुमचा प्रतिसाद मी ताईला दूरध्वनीवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिने मणिबेली कुठे आहे ते नकाशात दाखवायला सांगितले.

मुठेकाठचा यांनी विचारले आहे म्हणून बॅरेजच्या पुढचे लिहितो. मी ते मुद्दाम टाळले होते, कारण त्याचे वर्णन करताना मन शांत राहत नाही.

वासणा बॅरेजच्या वरच्या अंगाला निळसर पाणी आणि नौका आहेत. खालच्या अंगाला, दरवाजे बंद असतात तेव्हा, नदीचे पाणी असे काही नसतेच. तिथून पुढे पात्रात येते ते शहराचे आणि कारखान्यांचे सांडपाणी, काही शुद्ध केलेले, काही अर्धवट, काही तसेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात रायसण ते वौठा हा साबरमतीचा पट्टा चेन्नईच्या कूवम नदीनंतर देशात सर्वाधिक प्रदूषित ठरला. जैविक ऑक्सिजन मागणी हे प्रदूषणाचे एक माप आहे. स्नानायोग्य पाण्यासाठी ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत असावी असा निकष आहे आणि या पट्ट्यात ती २९२ पर्यंत आढळली. २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली आणि संयुक्त कृती दल नेमले. शुद्धीकरण केंद्रे ठरलेल्या निकषांनुसार पाणी सोडत नाहीत हे त्या सुनावण्यांमध्ये पुढे आले. अमोल, सांडपाणी काठावरून हटवले गेले हे खरेच आहे. ते हटून जिथे गेले ती जागा शहराच्या नजरेबाहेर आहे, एवढेच मी त्यात जोडतो.

त्याच पाण्यावर पुढच्या गावांत भाजी आणि भात पिकतो, आणि ती भाजी शहराच्या बाजारात परत येते. मेधा, तुमच्या आजी जमालपूरला जी भाजी उचलत असतील त्यांतली काही तिथलीही असेल.

आणि आता वौठा. धोळका तालुक्यातील हे गाव सात नद्यांचा संगम मानले जाते : साबरमती, वात्रक, मेश्वो, हाथमती, शेढी, माझम आणि खारी. तिथे सप्तनाथेश्वराचे देऊळ आहे. कार्तिकी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते आणि गाढवांचा बाजार लागतो. गाढवांच्या अंगावर गुलाबी, हिरवे रंग काढलेले असतात. माझी आजी तरुणपणी दोनदा त्या जत्रेला जाऊन संगमावर स्नान करून आली होती. तिच्या बोलण्यात वौठ्याचे पाणी नेहमी गोड असे. ताई आली त्याच कार्तिकात मी तिला तिथे नेले नाही. तिने विचारलेही होते. मी वेळ नाही असे सांगितले, आणि ते खरे नव्हते.

---

जलस्थापत्य

एक प्रश्न विचारतो. साबरमतीचे स्वतःचे पाणी शहरात कधीच येत नाही, असे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे. ते तसे नाही, हे आपणास ठाऊक असणारच.

---

रायखडकर (धागाकर्ता)

जलस्थापत्य, आपण योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. येते. धरोईचा जलाशय भरला आणि वर अरवलीत पाऊस सुरूच राहिला की धरणाचे दरवाजे उघडतात. मग पाणी शहरात पोहोचण्यापूर्वी वासण्याचे दरवाजे उघडावे लागतात आणि अडवलेले नर्मदेचे पाणी आधी निघून जाते. खालच्या पायवाटेवर येण्यास मनाई होते, नौका बांधून ठेवल्या जातात, आणि काही तासांनी तांबूस, गढूळ, फांद्या आणि फेस वाहून आणणारे पाणी पुलांखालून आवाज करत जाऊ लागते. सारे शहर पुलांवर उभे राहून ते बघते. म्हातारी माणसे नारळ सोडतात. वर्षभर रोज संध्याकाळी भरलेली नदी पाहणारी हीच माणसे त्या दिवशी म्हणतात की नदी आली.

यंदा भाद्रपदात असे पाणी आले तेव्हा मी एलिसब्रिजवर होतो. गर्दी ओसरल्यावर मी घरून बादली आणि दोर घेऊन गेलो, काठावरच्या एका परिचित नावाड्याच्या मदतीने थोडे पाणी काढले आणि घरी आणून पातेल्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी बोटभर गाळ बसला होता, बारीक आणि अभ्रकाने चकाकणारा. वरचे पाणी नितळ झाले होते. पायवाटेवरचा तसलाच गाळ त्या दिवशी महापालिकेचे कामगार पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढत होते.

नितळ पाणी मी एका बाटलीत भरले आणि गाळ वेगळ्या डबीत. दिवाळीला पुण्याला जाणार आहे. ताईला दोन्ही देईन आणि येत्या कार्तिकी पौर्णिमेला वौठ्याला चलशील का, असे विचारीन. सातपुडा, त्याआधी मणिबेलीला जायचे असेल तर रस्ता कुठल्या बाजूने सोयीचा पडतो, तेवढे कृपया कळवा. तिला आधी तिथे जायचे आहे.